भोंवरा : एका जलवाचक शब्दाचें मूळ व त्याचे अर्थ

१. वाहत्या पाण्यांत एका ठिकाणीं गरगर फिरणाऱ्या ओघास मराठींत भोंवरा म्हणतात. शब्द इतका परिचयाचा आहे कीं, त्याच्या मुळाची चौकशी करावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु जुनीं दप्तरें व पोथ्या वाचणारांस तो तीन रीतींनीं अडवितो. एक तर त्यास पाण्याखेरीज आणखी चार-पांच अर्थ आहेत. दुसरें, त्याच्यापासून केवळ एका अक्षरानें भिन्न असा भोंयरें हा शब्द भाषेंत आहे व त्याचा अर्थ अगदीं निराळा आहे. तिसरें, फिरत्या पाण्यास जुन्या ग्रंथांत जो वळसा हा शब्द येतो, त्याचा अर्थ आज पालटून गेला आहे. या तीन ठिकाणीं जो चुकेल तो पाण्याच्या जागीं तळघर वाचील आणि ओघाच्या जागीं वाट वाचील. म्हणून या शब्दाचा, आणि त्याच्या शेजारच्या शब्दांचा, थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

२. हे सर्व शब्द एकाच टापूंत प्रत्यक्ष पाहावयाचे तर सध्यांच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील सोयगांव तालुका त्यास फार सोयीचा आहे. सोयगांव हें अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशीं आहे. तेथून घाट चढला कीं माथ्यावरील पठार लागतें आणि उत्तरेकडे उतरलें कीं खानदेश. या डोंगरांतून निघणाऱ्या नद्या तापीकडे जातात. त्यांपैकीं वाघूर ही अजिंठ्याच्या प्रसिद्ध लेण्यांपुढून वाहते. तेथें नदीनें घोड्याच्या नालाच्या आकाराचें वळण घेतलें आहे, व त्या वळणाच्या बाहेरच्या अंगास असलेल्या काळ्या खडकाच्या उभ्या कड्यांत तीस लेणीं कोरलेलीं आहेत. लेण्यांच्या वरच्या अंगास नदी पायरीपायरीनें उड्या घेत खालीं येते. पाण्याच्या आघातानें तेथें खडकांत जीं पात्रें झालीं आहेत त्यांस सातकुंड म्हणतात. म्हणजे नदीचा वळसा, धबधब्याखालचा भोंवरा, खडकांतलें कुंड, आणि डोंगराच्या पोटांत मनुष्यानें खोदलेलीं दालनें, हीं सर्व येथें हांकेच्या अंतरावर आहेत. वस्तु जेथें इतक्या जवळ असतात, तेथें त्यांच्या नांवांतील भेद नीट ओळखणें अगत्याचें होतें.

३. प्रथम भोंवरा या शब्दाचे चालू अर्थ पाहूं. (अ) पाण्यांतील फिरता ओघ. (आ) दोरी गुंडाळून फिरविण्याचें मुलांचें लांकडी खेळणें. (इ) मनुष्याच्या टाळूवर केंस जेथून चक्राकार फिरलेले असतात तें स्थान. ज्याच्या डोक्यावर असे दोन भोंवरे त्याचीं दोन लग्नें होतात अशी समजूत आहे. (ई) घोड्याच्या व बैलाच्या अंगावरील तशीच केंसांची फिरकी. जनावर विकत घेतांना ती कोठें आहे हें पाहून शुभाशुभ ठरवितात. (उ) काळा भुंगा. हा अर्थ आज मागें पडला असून त्या ठिकाणीं भुंगा हाच शब्द सर्वत्र चालतो. (ऊ) लाक्षणिक अर्थानें संकट किंवा गुंता. वर्तमानपत्रांतून कोणीतरी वादाच्या भोंवऱ्यांत सांपडल्याचें आपण नित्य वाचतों.

यांपैकीं चौथा अर्थ संग्राहकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अश्वलक्षणाचा अध्याय आहे, आणि बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या मानसोल्लासांतहि अश्वांचें प्रकरण आहे. अशा संस्कृत ग्रंथांत या फिरकीस आवर्त म्हणतात. शालिहोत्राच्या मराठी पोथ्यांत त्याच जागीं भोंवरा येतो. तेव्हां घोड्यांच्या यादींत किंवा खरेदीच्या कागदांत भोंवरा हा शब्द आढळल्यास तेथें नदी शोधीत बसूं नये. याच अर्थाचें एक सुंदर उदाहरण अजिंठ्यासच आहे. तेथील बुद्धमूर्तींच्या मस्तकावर शंखाकार बारीक कुरळे केंस दाखविलेले असतात. महापुरुषाच्या लक्षणांत केंस उजवीकडे वळलेले असावेत असें सांगितलें आहे व तेथेंहि आवर्त हाच शब्द वापरतात. पाणी आणि केंस या दोहोंस एकच नांव देणारी दृष्टि मराठीची एकटीची नाहीं. ती फार जुनी आहे.

४. आतां मुळाविषयीं. भोंवरा हा संस्कृत भ्रमर शब्दापासून आला, इतकें सर्व कोशकार मानतात. वाद पुढें आहे. भ्रमर म्हणजे भुंगा हा अर्थ सर्वांस प्रथम आठवतो. त्यामुळें पाण्याच्या भोंवऱ्यास भुंग्याचें नांव लाभलें, असें पुष्कळांस वाटतें. फिरत्या पाण्याचा घुमणारा आवाज भुंग्यासारखा असतो व त्याचा मध्यभाग काळा दिसतो, अशीं कारणेंहि पुढें करतात. खेळण्याच्या बाबतींत ही उपपत्ति अधिकच गोड वाटते, कारण चांगला भोंवरा फिरतां फिरतां गुणगुणतो.

आमच्या मतें ही उपपत्ति टिकण्याजोगी नाहीं. तीस तीन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, घोड्याच्या अंगावरील किंवा मुलाच्या टाळूवरील भोंवरा आवाज करीत नाहीं, व पांढऱ्या घोड्यावरील भोंवरा काळाहि नसतो. चारहि वस्तूंस समान असा एकच धर्म आहे, तो म्हणजे मध्याभोंवतीं फिरणें. दुसरा असा कीं, मराठींत भोंवरा एकटा नाहीं. त्याचें मोठें कुटुंब आहे. भोंवणें म्हणजे फिरणें, भोंवंडणें म्हणजे गरगरणें, भोंवळ म्हणजे डोकें फिरणें. भोंवतीं व भोंवताल हे शब्दहि याच घरांतले. यांत भुंग्याचा संबंध कोठेंच नाहीं. सर्वांच्या मुळाशीं भ्रम् म्हणजे फिरणें हा धातु आहे. तिसरा आक्षेप अमरकोशाचा. त्याच्या वारिवर्गांत आवर्त या शब्दाचा अर्थ सांगतांना पाण्याचा भ्रम अशाच आशयाचें स्पष्टीकरण दिलें आहे. अमरसिंहास पाण्याची फिरकी समजावून देण्यास जो शब्द सर्वांत सुबोध वाटला, तोच आपल्या भोंवऱ्याचा धातु आहे.

तेव्हां भ्रमर म्हणजे मुळांत फिरणारा. पुढें तो शब्द भुंग्यास रूढ झाला, आणि पाणी, केंस व खेळणें यांकडे तो थेट धातूच्या अर्थानें गेला, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होय. भुंगा हा या कुटुंबाचा बाप नव्हे, फार तर भाऊ. कांहीं युरोपीय भाषापंडित तर भावाचें नातेंहि मान्य करीत नाहींत. भुंगा या अर्थाचा भ्रमर हा गुणगुणणें अशा अर्थाच्या निराळ्या प्राचीन धातूपासून आला असून त्याचे आप्त लॅटिनमधील फ्रेमेरे व जर्मनमधील ब्रुमेन हे शब्द होत, असें त्यांचें म्हणणें आहे. हें खरें ठरलें तर एकाच वेषांत दोन परके शब्द संस्कृतांत वावरत होते असें होईल. कोणताहि पक्ष घेतला तरी पाण्याचा भोंवरा भुंग्यापासून निघत नाहीं, हा आमचा सिद्धान्त अबाधित राहतो.

शेवटच्या आकाराचाहि खुलासा येथेंच करतों. मराठींतील आकारान्त पुल्लिंगी नामें बहुधा संस्कृतांतील क प्रत्ययान्त रूपांपासून आलीं आहेत. घोटक याचा घोडा झाला, तसा भ्रमरक याचा भोंवरा झाला. हा भ्रमरक शब्द अमरकोशांत कपाळावरील कुरळ्या बटांच्या अर्थीं आहेच. म्हणजे केंसांच्या भोंवऱ्याची परंपरा नांवासकट अखंड आहे.

५. ध्वनींचा मार्गहि सुदैवानें पुरता उजेडांत आहे. महाराष्ट्री प्राकृतांत भ्रमर याचा भमर होतो. हालाच्या गाथासप्तशतींत हें रूप आढळतें. पुढें अपभ्रंशांत शब्दाच्या मध्यें असणाऱ्या असंयुक्त मकाराचा सानुनासिक वकार होऊं लागला. हा नियम बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या व्याकरणांत नोंदला आहे. आणि विशेष हें कीं, उदाहरणादाखल त्यानें जे दोन शब्द घेतले ते कमल आणि भ्रमर हेच होत. मराठींत हा नियम सर्वत्र दिसतो. नाम याचें नांव, श्यामल याचा सांवळा, कोमल याचा कोंवळा, आमलक याचा आंवळा, जामातृ याचा जांवई, आणि ग्राम याचें गांव. सोयगांव या नांवाचें शेवटचें अक्षर व वाघुरेच्या कुंडांतील भोंवरा हे एकाच ध्वनिनियमाचे दोन दाखले आहेत. झ्यूल ब्लॉक यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथांत मराठी ध्वनींचा जो क्रमवार इतिहास लाविला, त्यामुळें अशा शब्दांची परंपरा आतां अंदाजावर सोडण्याचें कारण उरलें नाहीं. भंवरा याचा भोंवरा कां झाला, याचेंहि उत्तर सोपें आहे. मागें भ व पुढें व अशीं दोन्हींकडे ओष्ठ्य अक्षरें असल्यानें मधला अकार ओकाराकडे झुकला.

६. आतां शेजारचे शब्द. संस्कृत आवर्त मराठींत पंडितांच्या लेखणींत राहिला, घरोघरीं रुळला नाहीं. त्याच्याच धातूचा वर्तुल मात्र वाटोळा होऊन रुळला. लोकांचा खरा जुना शब्द वळसा हा दिसतो. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायानदीचें जें विस्तृत रूपक आहे, त्यांत नदीच्या फिरत्या पाण्यास आवर्त व वळसा हे दोन्ही शब्द योजिले आहेत. एक पंडिती, दुसरा देशी. आज वळसा म्हटला म्हणजे आडवळणाची वाट किंवा फेरा इतकाच बोध होतो. वळणें या क्रियेचा अर्थ पाण्यांतून निघून जमिनीवर आला. हा फरक ध्यानांत न घेतां जुनी पोथी वाचणारा वाचक नदींत बुडणाऱ्यास रस्ता चुकलेला समजेल.

डोह हा शब्दहि भोंवऱ्याच्या जोडीस नेहमीं येतो, परंतु दोहोंत मोठा भेद आहे. डोह हा संस्कृत ह्रद शब्दापासून आला. प्राकृतांत अक्षरांची अदलाबदल होऊन द्रह व दह अशीं रूपें झालीं व त्यांतून डोह निघाला. डोह म्हणजे खोल, बहुधा संथ पाणी. डोह ही जागा आहे, भोंवरा ही गति आहे. उन्हाळ्यांत डोह राहतो, भोंवरा राहत नाहीं. उलट पावसाळ्यांत खडकाच्या आड किंवा पुलाच्या खांबामागें, जेथें वेगाचा ओघ व मंद पाणी एकमेकांस घासून जातात तेथें, डोह नसतांहि भोंवरा उठतो.

कुंड हा या दोहोंतील दुवा आहे. भोंवऱ्यांत सांपडलेले दगडगोटे पात्रांतील खडक रांधा फिरविल्यासारखा घासतात व त्यांत गोल पोकळ्या पाडतात. यांस रांजणखळगे म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांतील निघोज येथें कुकडी नदीच्या पात्रांत ते फारच ठळक आहेत, आणि तेथेंहि लोक त्या स्थानास कुंडच म्हणतात. म्हणून कुंड म्हणजे दगडांत लिहून ठेवलेला भोंवरा असें म्हणण्यास हरकत नाहीं. पाणी आटल्यावर तोच त्याचा कागद.

७. आतां मुख्य अडचण, भोंयरें या शब्दाची. भोंयरें म्हणजे जमिनीखालचें दालन. हा शब्द भूमिगृह यापासून आला. भूमि याची भुंई किंवा भोंय झाली, गृहाचें घर व हर झालें, आणि दोन्ही मिळून भोंयरें सिद्ध झालें. येथें एक चमत्कार आहे. दोन्ही शब्दांतील अनुस्वार लुप्त मकाराचाच अवशेष आहे. एक भ्रमाचा, दुसरा भूमीचा. म्हणून केवळ अनुस्वार पाहून दोहोंची निवड होत नाहीं. भेद राहतो तो व आणि य या अक्षरांत, व लिंगांत. भोंवरा पुल्लिंगी, भोंयरें नपुंसकलिंगी. परंतु विभक्ति लागली कीं लिंगाचा आधारहि जातो. भोंवऱ्यांत आणि भोंयऱ्यांत या रूपांत सर्व भार एका अक्षरावर पडतो.

मोडी कागदाची स्थिति वाचकांस माहीत आहेच. घाईच्या लेखणींत अनुस्वार बहुधा गळतो, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यांत कसर लागलेली, शाई उडालेली. समजा, अशा कागदांत अमुक मनुष्य किंवा अमुक ऐवज ‘भो–ऱ्यांत पडला’ असें वाक्य आलें व मधलें अक्षर गेलें आहे. नदीकांठच्या किल्ल्याची हकीकत असेल तर दोन्ही वाचनें संभवतात. एकानें ऐवज पुरांत गेला, दुसऱ्यानें तो तळघरांत सुरक्षित आहे. इतिहास सर्वस्वी उलटा होतो. अशा वेळीं पडणें या क्रियापदावर विसंबूं नये, कारण तें दोहोंस लागतें. मागेंपुढें दुसरें क्रियापद शोधावें. भोंयरें खणतात, बुजवितात, त्यांत उतरतात, त्यास दार व पायऱ्या असतात. भोंवरा उठतो, फिरतो, ओढतो, आणि त्यांत मनुष्य सांपडतो. तेंहि न मिळाल्यास महिना पाहावा. आषाढ-श्रावणांतील पत्रांत पाण्याचा संभव अधिक, फाल्गुन-चैत्रांतील पत्रांत कमी. आणि एवढ्यानेंहि निर्णय होत नसेल तर अक्षर गेलें आहे असें स्पष्ट छापावें. संपादकाचें काम रिकामी जागा दाखविण्याचें आहे, भरून काढण्याचें नव्हे.

८. या बाबतींत एक नवें संकट आपणच उभें केलें आहे. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानें मान्य केले, तेव्हांपासून अनुच्चारित अनुस्वार छापणें बंद झालें. शाळांतील मुलांच्या दृष्टीनें ही सोय झाली यांत शंका नाहीं, व चालू लेखनाविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु जुने कागद छापतांना तोच नियम मागें लावल्यास मोठी हानि होते. पूर्वी नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी. आज दोन्ही नाव. पूर्वी भोंवरा हा शब्द पाहतांच त्यांतला मकार डोळ्यांस दिसत असे. आज भोवरा असें लिहिल्यावर त्याचा संबंध भवसागरांतील भव या शब्दाशीं जोडण्याचा मोह होतो. भव हा भू धातूचा, म्हणजे असणें-होणें याचा. त्याच्यांत मकार कधींच नव्हता व फिरण्याचा अर्थहि नाहीं. संसारास भोंवरा म्हणणारे कवि रूपक करीत होते, व्युत्पत्ति सांगत नव्हते. तो लहानसा बिंदु म्हणजे शब्दाच्या कुळाची मोहर आहे. मुळांत ती असतांना पुसून टाकणें, आणि नसतांना आपल्या पदरची उमटविणें, हे दोन्ही दोष सारखेच.

९. निष्कर्ष थोडक्यांत असे. पाण्याचा भोंवरा हा भ्रम् धातूवरून भ्रमर, भ्रमरक या मार्गानें आला. त्याचा अर्थ फिरणारा इतकाच. भुंग्यावरून तो निघालेला नाहीं. त्याचे सर्व अर्थ मध्याभोंवतीं फिरण्याच्या एका चित्रांतून निघतात. जुन्या ग्रंथांतील वळसा याचा अर्थ प्रसंगीं भोंवरा असा घ्यावा. भोंयरें हा सर्वस्वी निराळ्या कुळाचा शब्द असून त्याची व भोंवऱ्याची निवड संदर्भानेंच करावी.

आमची संग्राहकांस इतकीच विनंति आहे. ज्यांच्या संग्रहीं शालिहोत्राच्या पोथ्या, नदीकांठच्या गांवांचे महजर किंवा उतारनावांसंबंधीं कागद असतील, त्यांनीं भोंवरा, वळसा, डोह व भोंयरें हे शब्द जेथें आढळतील तेथील वाक्य जसेंच्या तसें, अनुस्वार असेल तर अनुस्वारासह व नसेल तर त्याविना, उतरून ठेवावें. आणि जे सोयगांव-अजिंठ्याकडे पावसाळ्यांत जातील त्यांनीं लेण्यांबरोबर नदीकडेहि पाहावें, व तेथील वृद्ध गुराख्यांस व कोळ्यांस प्रत्येक कुंडाचें, वळणाचें व भोंवऱ्याचें नांव विचारून टिपून घ्यावें. नद्यांवर धरणें झालीं, नावा गेल्या, पूल आले. पाण्याशीं ज्यांचा जीव बांधलेला होता त्यांची बोली आतां थोड्या तोंडांत उरली आहे. दप्तर कसरीपासून वांचवितां येतें. शब्द मात्र बोलणारा गेला कीं त्याच्याबरोबर जातो.